मिक्सर चालेल, इंडक्शन चालेल, पण रात्रीचं काय? एका कॅम्परव्हॅनमधल्या इन्व्हर्टरचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातलं एक निवृत्त दांपत्य. मी त्यांना काका-काकू म्हणतो, इथेही तेच म्हणेन. त्यांनी जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवून घेतला होता. हॉटेलात राहायचं नाही, जिथे मन रमेल तिथे दोन-तीन दिवस थांबायचं, एवढीच त्यांची अपेक्षा. काकांना झोपेत श्वास अडकण्याचा त्रास आहे, त्यामुळे रोज रात्री हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप मशीन लावून झोपावं लागतं. या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच होती, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे हे कळायला मला उशीर झाला.

गाडीत वीज होती ती अशी: घरच्या इन्व्हर्टरला लावतात तशी १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर, म्हणजे शिशाची, बॅटरी पलंगाखाली, टपावर २०० वॅटचं एक पॅनल, आणि एका ओळखीच्या वायरमनने बसवून दिलेला घरगुती ८५० व्हीएचा स्क्वेअर वेव्ह, म्हणजे ओबडधोबड लहरीची वीज देणारा, इन्व्हर्टर. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रिज थेट १२ व्होल्टवर. मिक्सर आणि सीपॅप इन्व्हर्टरवर.

काय बिघडलं

मार्चमध्ये ते कासवं बघायला वेळासला गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकूंनी ओल्या नारळाचं वाटण करायला मिक्सर लावला. मिक्सर अडखळला, इन्व्हर्टर ओरडायला लागला, आणि थोड्या वेळाने पलंगाखालून जळक्या प्लास्टिकचा वास आला. काकांनी हात लावून पाहिलं तर बॅटरीची वायर हात ठेववणार नाही इतकी तापली होती. त्या रात्री त्यांनी सगळं बंद ठेवलं आणि सकाळीच पुण्याची वाट धरली.

गाडी दुरुस्तीला माझ्याकडे आली तेव्हा मी तोच मिक्सर, तेच भांडं लावून वायरीभोवती लावून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने मोजलं. बॅटरीतून साधारण ६४ अँपिअर जात होते. बॅटरीच्या टोकांवर ११.७ व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टोकांवर १०.७. मधला एक व्होल्ट वाटेत उष्णता होऊन जात होता. इन्व्हर्टर मागे ओट्याखाली आणि बॅटरी पुढे पलंगाखाली, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर वायर, तीही १६ चौरस मिलिमीटरची. हिशोबाने तेवढ्या वायरवर अर्ध्या व्होल्टहून थोडी जास्त घट येते. उरलेली घट एका लगमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कडीत होती, जो क्रिम्पिंगच्या अवजाराने न दाबता हातोडीने ठोकून बसवला होता. प्लास्टिक वितळलं होतं ते तिथलंच.

वायर बारीक असणं ही चूक होती, पण त्याहून मोठी गोष्ट मला दिसली तेव्हा पोटात गोळा आला. बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या मध्ये फ्यूजच नव्हता. ती वायर कुठे पत्र्यावर घासून सोलली गेली असती, तर बॅटरीतून शेकडो अँपिअर वाहिले असते आणि थांबवणारं काहीच नव्हतं. शिवाय ट्यूब्युलर बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, आणि काकांची उशी बरोबर तिच्या वर होती. घरात आपण अशी बॅटरी गॅलरीत किंवा जिन्याखाली ठेवतो त्याला कारण असतं.

वॅट आणि वॅट-तास

काकूंचं म्हणणं स्पष्ट होतं. "मला गॅस सिलिंडर गाडीत नको. इंडक्शनवर स्वयंपाक होईल एवढं करून दे. मोठा इन्व्हर्टर बसव, काय लागायचं ते लागू दे."

बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात, इन्व्हर्टर केवढा घ्यायचा या प्रश्नापासून. मी दोघांना बसवून आधी दिवसाचा खर्च कागदावर मांडला. एखादं यंत्र एका क्षणी किती ओढतं आणि दिवसभरात किती खातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिक्सर ६०० वॅट ओढतो, पण पाच मिनिटं चालतो, म्हणजे ५० वॅट-तास. फ्रिज जेमतेम ५० वॅट ओढतो, पण रात्रंदिवस चालू-बंद होत राहतो, आणि उन्हाळ्यात ५०० वॅट-तास खाऊन जातो. दिवे, पंखा, पंप मिळून २५०. दोन फोन ६०.

सीपॅप मी दोन रात्री मीटर लावून मोजायला सांगितलं. हवेत ओलावा देणारा हीटर चालू असेल तर सरासरी ५५ वॅट, बंद असेल तर २०. कोकणात त्या हीटरची गरज नाही असं काकांच्या डॉक्टरांनीही सांगितलं. म्हणजे सात तासांचे १४० वॅट-तास. ही सगळी बेरीज हजाराच्या आसपास होते. इंडक्शनवर दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा म्हटलं की आणखी ९००. जुन्या ट्यूब्युलर बॅटरीतून, तिचं आयुष्य राखायचं तर, ९०० वॅट-तासांहून जास्त काढू नयेत. वरून जड लोड टाकला की तेवढेही मिळत नाहीत. शिशाच्या बॅटरीला जितकं जोरात ओढावं तितकी ती कमी देते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय दुरुस्तीचा. वायर जाड करायची, फ्यूज टाकायचा, बॅटरीला बाहेर हवा मिळेल अशी बंद पेटी करायची, इंडक्शनचा नाद सोडायचा. सगळ्यात स्वस्त. काकांना हा पटला होता.

दुसरा, बाजारात मिळणारं तयार पोर्टेबल पॉवर स्टेशन. बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर एकाच डब्यात. जोडणीची कटकट नाही. पण आत काही बिघडलं तर सगळंच एकदम जातं आणि गावात कुणी उघडून देत नाही. हा पर्याय मी नाकारला तो याच कारणासाठी. याच तर्काने मी पुढे माझंच काम तपासायला हवं होतं, ते केलं नाही.

तिसरा, सगळी व्यवस्था २४ व्होल्टवर न्यायची. तेवढ्याच वॅटला अँपिअर निम्मे होतात, वायर बारीक चालते. मोठ्या बसला मी हेच सुचवलं असतं. पण इथे गाडी १२ व्होल्टची, दिवे आणि पंप १२ चे. सगळीकडे कन्व्हर्टर बसवत बसावं लागलं असतं.

चौथा आम्ही निवडला. १२.८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, २००० वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर, टपावर आणखी २०० वॅटचं पॅनल, आणि गाडीच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनावर फिरणाऱ्या जनित्रावरून, चार्ज करायला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. बॅटरीत २,५६० वॅट-तास, त्यातले दोन हजार निर्धास्त वापरायचे. ४०० वॅटची पॅनलं सपाट टपावर उन्हाळ्यात दिवसाला साधारण १,४०० ते १,५०० वॅट-तास देतात.

अल्टरनेटरवरून थेट रिले (विजेवर चालणारा स्विच) टाकून चार्ज करण्याचा मोह अनेकांना होतो. लिथियम बॅटरीचा आतला रोध इतका कमी असतो की ती अल्टरनेटरला पूर्ण ताकदीने पिळते, आणि गाडी ट्रॅफिकमध्ये संथ उभी असताना, पंख्याची हवा कमी असताना, अल्टरनेटर जळू शकतो. डीसी-डीसी चार्जर ३० अँपिअरवर हात आखडतो आणि बॅटरीला हवं तेवढंच व्होल्टेज देतो.

कामाला हात लावण्याआधी काकांनी विमा कंपनीला लेखी कळवलं. गाडीची मूळ नोंद बदलेल असा फेरफार करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे परवानगी लागते. त्यांची कॅम्पर म्हणून नोंद आधीच झाली होती. ज्यांची झालेली नाही त्यांनी हे आधी बघावं, कारण आग लागल्यावर विमा कंपनी पहिला कागद हाच मागते.

प्रत्यक्ष काम

सगळ्यात मोठा बदल जागेचा. इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारी आणला. २३० व्होल्टची वायर लांब गेली तर काही बिघडत नाही, तिच्यातून पाच-सहा अँपिअर वाहतात. १२ व्होल्टची वायर मात्र हातभरच हवी. ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, जाऊन-येऊन अडीच मीटरच्या आत. ११० अँपिअरला वायरीवर ०.१ व्होल्टहून कमी घट येते. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबले, वर हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी.

बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर २०० अँपिअरचा क्लास टी फ्यूज. तो महाग असतो, आणि त्याऐवजी गाडीच्या ऑडिओसाठी मिळणारा स्वस्त फ्यूज टाकायचा आग्रह मला अनेकदा होतो. लिथियम बॅटरीचा शॉर्ट झाला तर काही हजार अँपिअर वाहू शकतात. साधा फ्यूज वितळतो, पण आत ठिणगीची वाट तशीच राहून प्रवाह चालूच राहू शकतो. क्लास टी २०,००० अँपिअरपर्यंत तोडतो. इथे मी पैसे वाचवू देत नाही.

नंतर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइट तोडणारा स्विच. गाडीत ओले हात, ओले पाय, पत्र्याचं शरीर, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावायचाच. पण तो लावून टेस्टचं बटण दाबलं आणि खट्कन पडला, म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असं नाही. ते बटण आरसीसीबीच्या आतल्या आत फेज आणि न्यूट्रलमध्ये थोडा प्रवाह आडवाटेने सोडतं. अर्थ जोडलेला नसला तरी आरसीसीबी पडतोच. या इन्व्हर्टरचं आउटपुट तरंगतं होतं, म्हणजे न्यूट्रल कुठेही अर्थला बांधलेला नव्हता. मी १५ वॅटचा दिवा फेज आणि चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, मध्ये धरला. ना दिवा नीट लागला, ना आरसीसीबी पडला. मग इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत परवानगी आहे हे बघून न्यूट्रल चासीला बांधला, तोच दिवा पुन्हा धरला, आणि आरसीसीबी लगेच पडला. पुस्तिका बघणं गरजेचं आहे. काही स्वस्त इन्व्हर्टरमध्ये असा न्यूट्रल बांधला तर इन्व्हर्टरच जळतो.

बाहेरची लाइट जोडायची सोय चेंजओव्हर स्विचमधून केली. बाहेरची लाइट घेतली की इन्व्हर्टरचा न्यूट्रल-अर्थ जोडही आपोआप सुटतो, अशा बेताने.

शेवटी चाचणी. एक हजार वॅटचा हीटर अर्धा तास चालवला. ८८ अँपिअर, सगळं गार, फ्यूज गार, लग गार. मी समाधानाने गाडी परत दिली. सीपॅप इन्व्हर्टरच्याच सॉकेटवर ठेवलं, कारण आता साइन वेव्ह स्वच्छ होती.

भंडारदऱ्याची रात्र

मेच्या शेवटी ते काजवे बघायला भंडारदऱ्याला गेले. रात्री आठच्या सुमारास काकूंनी इंडक्शनवर कुकर लावला. पाच-सहा मिनिटांत गाडीतलं सगळं गेलं. दिवे, पंखा, फ्रिज, सगळं. अर्ध्या मिनिटाने क्षणभर आलं आणि पुन्हा गेलं. असं होत राहिलं. फोनला रेंज नव्हती. काका ती रात्र उशांना टेकून जवळपास बसून राहिले. काकू जागून त्यांचा श्वास ऐकत होत्या. सकाळी रेंजमध्ये येऊन त्यांनी मला फोन केला. "अरे, आम्ही ठीक आहोत," हे काकूंचं पहिलं वाक्य. नंतर बराच वेळ मला काही बोलता आलं नाही.

झालं होतं ते असं. बॅटरीचे २०० अँपिअर-तास म्हणजे साठा. तिच्या आत बसलेली रक्षक यंत्रणा, बीएमएस, एका वेळी किती अँपिअर जाऊ देईल हा वेगळा आकडा, आणि या बॅटरीत तो १०० होता. मी साठा वाचला, हा आकडा तपासला नाही. काकूंनी इंडक्शन १,२०० वर ठेवलं होतं, ते खरं १,२५० ओढत होतं. संध्याकाळच्या अर्ध्या बॅटरीवर त्याचे ११० अँपिअर, त्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला, पंखा होताच, म्हणजे ११७. बीएमएसने सगळं तोडलं. नंतर ती दर वेळी परत जोडायची, पण इन्व्हर्टरचा स्विच चालूच होता. त्याच्या आतले वीज साठवणारे रिकामे कपॅसिटर भरताना एकदम मोठा झटका ओढतात. तो झटका बघून बीएमएस पुन्हा तोडायची. इन्व्हर्टरचा मुख्य आयसोलेटर, म्हणजे त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच, बंद केला असता तर अर्ध्या मिनिटात दिवे आणि फ्रिज परत आले असते. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

माझी चाचणी हजार वॅटची होती आणि फ्रिज बंद होता. खऱ्या वापरापेक्षा हलकी चाचणी करून मी निश्चिंत झालो होतो.

दुसऱ्यांदा काय केलं

बॅटरी विक्रेत्याने फरक घेऊन २०० अँपिअर बीएमएसची बॅटरी बदलून दिली. आयसोलेटरला प्रीचार्जचा रेझिस्टर आणि एक बटण जोडलं. इन्व्हर्टर जोडताना आधी बटण दाबून कपॅसिटर हळू भरायचे, पाच सेकंदांनी आयसोलेटर फिरवायचा.

पण खरा बदल सीपॅपचा. मशीनला लागतात १४० वॅट-तास. ते चालवायला २००० वॅटचा इन्व्हर्टर रात्रभर जागा ठेवायचा, तर तो नुसता चालू राहण्यासाठी १८ वॅट खातो, आठ तासांत पुन्हा तेवढेच. म्हणजे निम्मी वीज वाया, आणि वर काकांचा श्वास अशा यंत्रणेवर टांगलेला जिच्यावर कुकरही चढतो. मी मशीनच्या कंपनीचाच १२ व्होल्टवर चालणारा अडॅप्टर मागवला, आणि पलंगाच्या डोक्याशी ३० अँपिअर-तासांची छोटी लिथियम बॅटरी वेगळी बसवली. दिवसा ती मोठ्या बॅटरीवरून छोट्या चार्जरमार्फत भरते. रात्री तिचा मोठ्या बॅटरीशी संबंध नाही. दोन रात्री पुरते. गाडीत बाकी सगळं गेलं तरी ती चालू राहते. काकू तिला "ह्यांची बॅटरी" म्हणतात आणि तिला फोनसुद्धा कुणाला लावू देत नाहीत.

इंडक्शनही बदललं. जुन्यावर ८०० लावलं तरी मीटर आळीपाळीने १,३०० आणि शून्य दाखवत होतं. सरासरी कमी, पण बॅटरीला प्रत्येक झटका पूर्ण. नवं घेताना मी दुकानात मीटर घेऊन गेलो आणि खरोखर ८०० वर सलग चालणारं शोधलं.

वर्षभरानंतर

बॅटरीत येणारी-जाणारी वीज मोजणाऱ्या शंट मीटरच्या नोंदी काका वहीत उतरवतात. फेब्रुवारीत तारकर्लीला चार दिवस एका जागी थांबले. दिवसाचा खर्च इंडक्शन न वापरता १,०५० च्या आसपास, पॅनलं १,४०० देतात. एक वेळचा कुकर भर उन्हात लावला तर पॅनल आणि बॅटरी मिळून भागतं, रात्री बॅटरी भरलेली असते. दोन्ही वेळा इंडक्शन वापरलं की रोज ५०० ते ६०० वॅट-तासांची तूट पडते आणि चौथ्या दिवशी गाडी हलवावी लागते. काकूंना सिलिंडर नको होता, तरी पाच किलोचा एक सिलिंडर मागच्या बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात ठेवायचं दोघांनी मिळून ठरवलं. श्रावणात पॅनलांवर विसंबता येत नाही, तेव्हा तोच कामाला येतो. दिवसात दोन-तीन तास गाडी चालली तर डीसी-डीसी चार्जर ६० ते ९० अँपिअर-तास भरून देतो.

पुन्हा करायचं झालं तर

सुरुवातच वेगळी करेन. पहिल्या बैठकीत "काय काय चालवायचंय" याच्याआधी "काय बंद पडून चालणार नाही" हे विचारेन, आणि त्याची वायर, बॅटरी, फ्यूज पहिल्या दिवसापासून वेगळे धरेन. इन्सुलिनचा फ्रिज असेल, ऑक्सिजनचं यंत्र असेल, तरी हेच. काकांनी सीपॅपचा उल्लेख पहिल्याच दिवशी केला होता. मी तो लोडच्या यादीत एक ओळ म्हणून लिहिला.

बॅटरी मागवताना साठ्याच्या आकड्याखाली बीएमएसचा सलग आणि क्षणिक अँपिअर लिहून घेईन. चाचणी मालकाच्या हातून, त्यांच्याच भांड्यांनी, अर्ध्या बॅटरीवर, सगळं चालू ठेवून करेन. आणि सगळं अंधारात गेलं तर काय करायचं ते मोठ्या अक्षरांत लिहून आयसोलेटरशेजारी चिकटवेन. आता तिथे कागद आहे, काकूंच्या अक्षरात.

एक गोष्ट अजून नीट सुटलेली नाही, उन्हाची. मेमध्ये दुपारी बंद गाडीत पलंगाखाली ५० अंशांच्या वर तापमान जातं. मोठ्या बॅटरीची बीएमएस ५० ला चार्जिंग थांबवते, म्हणजे ऊन सगळ्यात कडक तेव्हाच पॅनलांची वीज वाया जाते. मी खालून हवा ओढणारा एक छोटा पंखा आणि समोरच्या बाजूला जाळी बसवली, त्याने पाच-सहा अंश उतरले. ते पुरेसं नाही. दिवाळीनंतर गाडी पुन्हा माझ्याकडे येणार आहे. तेव्हा पलंगाची फळी कापून बॅटरी सावलीच्या बाजूला हलवायची आहे. मात्र फ्यूज आणि केबलची लांबी वाढणार नाही अशी जागा अजून मला सापडलेली नाही.